रापणीच्या दोरीने आलेला बॉयलर

माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी माझ्या मामाला विचारलं, "झील करता काय?"

"वाफेचा काम करता."

"आगबोटीर?"

"नाय."

"मगे आगगाडयेर?"

"ता पण नाय. इमारतीनी."

सासरे बराच वेळ सुपारी कातरत राहिले. बोट नाही, गाडी नाही, आणि इमारत तर जागची हलत नाही. मग तिला वाफ कशाला? शेवटी मुलगा पायजमा-सदरा स्वच्छ घालतो एवढ्यावर त्यांनी होकार दिला.

त्यांची चूक नव्हती. पुढे सबंध आयुष्य मी हा प्रश्न ऐकला. मुंबईच्या ज्या कंपनीत मी ड्राफ्ट्समन म्हणून लागलो आणि नकाशे करणारा इंजिनियर म्हणून निवृत्त झालो, ती इस्पितळांना, हॉटेलांना आणि मोठ्या धुलाईघरांना वाफ पुरवण्याची व्यवस्था उभी करायची. इमारतीच्या एका कोपऱ्यात बॉयलर असतो. तिथली वाफ नळांतून स्वयंपाकघरात जाते आणि भात शिजवते, धुलाईघरात जाते आणि चादरी उकळते, ऑपरेशनच्या खोलीशेजारी जाते आणि डॉक्टरांची कात्री-चिमटे, कापूस, पट्ट्या जंतूंपासून मुक्त करते. सगळं नीट चाललं असेल तर कुणाला काही कळत नाही. कळलं, तर समजावं की काहीतरी बिघडलं.

वाफ तर दिसतही नाही. किटलीच्या तोंडातून जे पांढरं निघतं ती वाफ नव्हे. तो थंड होऊन पुन्हा पाण्याच्या वाटेला लागलेला तुषारांचा ढग. खरी वाफ असते किटलीचं तोंड आणि तो पांढरा ढग यांच्यामधल्या बोटभर रिकाम्या जागेत. तिथे काही दिसत नाही आणि तिथेच बोट भाजतं. शिवाय तिला जागा फार लागते. तांब्याभर पाण्याची वाफ झाली की भाताची अख्खी कणगी तिला अपुरी पडते. कोंडलं तर ती कामाला येते, नको तितकं कोंडलं तर भिंती पाडते. तिला किती कोंडायचं आणि कुठून बाहेर सोडायचं हे ठरवणं, एवढाच माझा धंदा.

मोठी कामं पुष्कळ केली. पण लिहावंसं वाटतं ते आमच्याच मुलुखातल्या एका लहानशा कामाबद्दल. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होता आणि पन्नासचं दशक संपत आलं होतं. मालवणच्या उत्तरेला, खाडीपलीकडच्या एका गावात, मुंबईत व्यापार करणाऱ्या गावकऱ्यांनी मिळून इस्पितळ बांधलं होतं. माडांच्या बनात दोन बैठ्या इमारती, मध्ये अंगण. विमलाबाई नावाच्या डॉक्टर तिथे प्रमुख होत्या. त्यांनी कारभाऱ्यांना स्पष्ट सांगितलं होतं, "मला शस्त्रक्रिया करता येते, पण पट्ट्या चुलीवर उकळून मी कुणाचं पोट उघडणार नाही. आधी वाफ द्या." ते काम आमच्या कंपनीकडे आलं. साहेबांनी विचारलं, तिकडची भाषा कुणाला येते? मी मसुऱ्याचा. हात वर करायचीही गरज पडली नाही.

पहिली अडचण बॉयलर नेण्याची. रस्ता खाडीशी संपायचा आणि तरीवाला म्हणाला की दोन बैल आणि एक नवरदेव यापलीकडे त्याच्या होडीने कधी वजन पेललेलं नाही. म्हणून बॉयलर मुंबईहून मचव्यात घालून समुद्रमार्गे आणला. मचवा त्या गावासमोर आला आणि थांबला. पुढे वाळूची पट्टी होती. भरती पूर्ण असूनही मचवा काठाला लागेना, आणि लवकरच ओहोटी लागणार होती.

किनाऱ्यावर सगळा गाव जमला होता. इस्पितळाचे कारभारी बापूसाहेब, हे निवृत्त हेडमास्तर, काळी छत्री उघडून उभे होते. शेजारी रापणीचा तांडेल पांडूभाऊ. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं; त्याच्या दोन्ही दोऱ्यांना अर्धा गाव लागतो, आणि त्या सगळ्यांवर हुकूम चालतो तो तांडेलाचा.

मी पोहत किनाऱ्यावर येऊन पांडूभाऊला म्हटलं, "भाऊ, बॉयलर पाण्यात सोडतंय. तुमी रापणीच्या दोरीन ओडून घेवा."

"पाण्यात?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "मेल्या, लोखंड तरंगता खंय?"

"आगबोट कसली आसा? लाकडाची?"

 पांडूभाऊने मागे वळून हाक दिली, "दोरये हाडा रे!"

वजन आणि आकार यांचा हिशोब मी मचव्यावरच करून पाहिला होता. बंद केलेला बॉयलर तरंगणार, पण जेमतेम. आम्ही त्याची सगळी भोकं लाकडी बुचं ठोकून बंद केली, भट्टीच्या दारावर आणि धुराड्याच्या तोंडावर फळ्या, त्यावर गोणपाट, त्यावर डांबर. मग मचव्याच्या डोलकाठीला कप्पी लावून तो हळूहळू खाली सोडला. तो गेला, गेला, अगदी पाठीपर्यंत गेला. कंपनीचा बॉयलर, इस्पितळाची दोन वर्षांची वाट, विमलाबाईंचा शब्द, सगळं त्या हिरव्या पाण्यात चाललं होतं. तेवढ्यात तो एकदम वर आला आणि आडवा होऊन म्हशीसारखा डुंबायला लागला.

किनाऱ्यावर असा काही कल्लोळ झाला की बापूसाहेबांची छत्री उलटी झाली.

दोन दोऱ्या, दोन रांगा. पांडूभाऊ हेल काढायचा आणि सगळे एका दमात मागे जायचे. बायका ओच्याला हात पुसून दोरीला लागल्या. इस्पितळाच्या विमलाबाईसुद्धा पदर खोचून रांगेत उभ्या राहिल्या. मी आणि मचव्याचे दोघे खलाशी बॉयलरच्या बाजूने पोहत होतो. अर्ध्या वाटेवर एका लाटेने तो कुशीवर वळला आणि मला बुडबुडे दिसले. एक बूच सैल झालं होतं. मी त्यावर तळहात दाबून धरला आणि ओरडलो, "भाऊ, पाणी जाता आत! बेगीन!"

पांडूभाऊने हेल बदलला. तोवरचा हेल लांब आणि संथ होता. आता तो तुटक झाला, छातीतून येणारा. बॉयलर माझ्या हाताखाली जड होत चाललेला मला कळत होता. आणि मग पायाला वाळू लागली. दोऱ्या ताणल्या, बॉयलर खरखरला आणि थांबला. पुढच्या लाटेने त्याला आणखी वर सरकवलं.

पांडूभाऊ आला, त्याने बॉयलरवर थाप मारली आणि म्हणाला, "माज्या बापाशीन सुदा येवडो मासो ओडूक नाय. पण ह्येका खावचो कसो?"

कसा खायचा, ते पुढे कळलंच.

माडांच्या ओंडक्यांवरून गडगडवत आम्ही तो इस्पितळापर्यंत नेला. तिथे माझी गाठ बापूसाहेबांशी पडली. ते अतिशय सज्जन गृहस्थ, पण त्यांना सरळ रेषेची आवड होती. बॉयलर त्यांना बाळंतिणींच्या खोलीला लागून हवा होता. "जवळ म्हणजे नळ कमी," ते म्हणाले. मी म्हटलं, बॉयलर अंगणाच्या टोकाला, वेगळ्या खोलीत, आणि त्या खोलीचं छप्पर हलकं. वेळ आलीच तर जोर वर आणि समुद्राकडे जावा, माणसांकडे नको.

"म्हणजे वेळ येणार असं तुम्ही धरूनच चालता?"

"ती येऊ नये म्हणून मी आहे. पण ती आलीच तर कुठून जाईल, हेही मलाच ठरवायला हवं."

ते मान्य झालं. मग नळ आला. अंगण ओलांडणाऱ्या नळाला मी मध्येच एक मोठं वळण दिलं होतं, दारावरच्या कमानीसारखं. बापूसाहेबांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "हे काय? सरळ नळ वाकडा का केलात? लोक हसतात हो!"

लोक खरंच हसत होते. मी त्यांना सांगितलं की लोखंड तापलं की लांब होतं. सरळ नळ दोन भिंतींमध्ये आवळून बसवला तर तापल्यावर तो एक तर स्वतः वाकेल, नाही तर भिंत ढकलेल. त्याला अंग मोकळं करायला जागा हवी, म्हणून हे वळण. आणि नळाला हलकासा उतारही दिला, कारण वाटेत थोडी वाफ थंड होऊन तिचं पाणी होतं. ते पाणी नळात साचलं आणि मागून वाफ धावत आली तर ती त्या पाण्याचा गोळा करून पुढच्या कोपऱ्यावर आपटते, घणाचा घाव घालावा तसा. त्याने नळ फुटतात. उतार असला की पाणी मुकाट्याने खालच्या टोकाला जातं आणि तिथल्या, वाफ अडवून पाणी तेवढं सोडणाऱ्या सापळ्यातून बाहेर पडतं.

बापूसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. दुसऱ्या दिवशी मी पाहतो तर गावातल्या माणसांना उभं करून ते छत्रीच्या टोकाने नळाचा उतार दाखवत होते आणि माझ्यापेक्षा चांगलं समजावत होते. हेडमास्तर तो हेडमास्तरच.

काम पुरं झालं. सरकारी बॉयलर इन्स्पेक्टर येऊन गेले, दाबाच्या काट्यावर त्यांनी लाल रेघ ठरवून दिली, तिच्यापुढे काटा जाता कामा नये. ती मर्यादा राखायला बॉयलरच्या डोक्यावर सुरक्षा-झडप होती. जुन्या धर्तीची, एक आडवी दांडी आणि तिच्या टोकाला वजन. दाब वाढला की वाफ दांडी उचलते आणि सूं करून बाहेर निघून जाते. बॉयलरवर सखाराम नावाचा आगवाला नेमला. कोकणच्या आगबोटीवर त्याने कोळसा मारला होता. धुलाईघर सांभाळायला जनाकाकी होती. तिने उभ्या आयुष्यात मासे विकले होते, त्यामुळे आवाज दमदार आणि मन मेणाचं. यंत्राला ती आधी घाबरली, मग आठवड्याभरात त्याच्यावर ओरडायला लागली. मी सगळ्यांना शिकवण्यासाठी काही दिवस मागे राहिलो होतो.

एका सकाळी मी अंगणातून चाललो होतो. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, आणि काय ते कळत नव्हतं. मग लक्षात आलं. शांत होतं. रोज या सुमाराला, धुलाईघराने वाफ घेणं थांबवलं की झडप सूं करायची. आज ती गप्प होती.

बॉयलरच्या खोलीत शिरलो. सखाराम मागल्या दाराशी लाकडं फोडत होता. काटा लाल रेघेच्या पुढे गेला होता, आणि थोडाथोडका नाही. वर पाहिलं तर झडपेच्या दांडीला, असलेल्या वजनाच्या शेजारी, काथ्याच्या दोरीने एक धोंडा टांगला होता. जाळं बुडवायला बांधतात तसला, भोकाचा, गुळगुळीत धोंडा.

मी आधी बॉयलरमधली पातळी दाखवणारी पाण्याची काच पाहिली. आत पाणी पुरेसं होतं. तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडला. "सखाराम," मी म्हटलं, आणि माझा आवाज मला दुसऱ्याचा वाटला, "लाकूड नको घालूस. धुराड्याची झापड लाव. आणि राख भिजवून हाड, आगीर पसरव. सावकाश."

सखारामने काटा पाहिला. चेहरा पांढरा झाला, पण तो पळाला नाही. "धोंडो काडू?" त्याने विचारलं.

"हात लावू नको."

बाहेरच्या माणसाला वाटेल, धोंडा काढला की संपलं. पण इतक्या दाबावर झडप एकदम सताड उघडली असती, तर आतलं सगळं पाणी एका क्षणात उसळलं असतं, आणि मग काय झालं असतं ते सांगायला आम्ही राहिलो नसतो. वाफेला हळूहळू, कामाला लावून बाहेर काढायचं होतं. मी अंगणातून स्वयंपाकघराकडे धावलो. बाळंतिणींच्या खोलीवरून जाताना आतलं एक पोर किरकिरल्याचं मला अजून आठवतं.

"भांडी लावा!" मी आचाऱ्यांना सांगितलं. "सगळी! पाणी भरा आणि तांदूळ घाला."

"किती?"

"आसत तितके!"

स्वयंपाकघरात वाफेवर चालणारी, दुहेरी भिंतींची मोठी भांडी होती. एकेक नळ मी स्वतः उघडला. त्या वेळी माझं सगळं अंग म्हणत होतं, झटकन फिरव. आणि सगळं शिक्षण सांगत होतं, एकदम उघडलास तर नळात घण बसेल. इतक्या हळू मी आयुष्यात कधी काही केलं नाही. तिकडे जनाकाकीला हाक मारली. तिने काही न विचारता धुतलेल्या चादरी पुन्हा यंत्रात टाकल्या आणि वाफ घेतली. सखाराम खोलीच्या दारातून काट्याकडे पाहून, तो थांबलाय की उतरतोय ते ओरडून सांगत होता, "रवलो! … रवलो! … उतारता! उतारता रे!"

काटा लाल रेघेच्या खाली आला, आणखी खाली आला, तेव्हा मी ओट्यावर बसलो.  भांड्यांत भात शिजत होता. इस्पितळात मूठभर रोगी, आणि भात अख्ख्या वाडीला पुरेल एवढा.

विमलाबाई आल्या. त्यांना सगळं सांगितलं. मग धोंडा कुणी बांधला हे विचारायची पाळी येणार होती, पण ती आलीच नाही, कारण जनाकाकी स्वतःच पुढे झाली.

"माजो धोंडो," ती म्हणाली. "ती झडप आराडली की पोरा दचाकतत ओ. कालची बाळंतीण रडाक लागली. म्हटला, वायच वजन घालूया, गप रवात. माका काय म्हायत?" आणि एवढा दमदार आवाज एकदम फुटला.

बापूसाहेब संतापले होते. "हिला आजच्या आज काढा," ते म्हणाले. "इस्पितळ उडालं असतं!"

मी म्हटलं, "बापूसाहेब, काकीला काढलंत तर उद्या दुसरं कुणी काहीतरी टांगील. झडप ओरडते आणि पोरं दचकतात, हे काकीचं म्हणणं खरंच आहे. जे रोज त्रास देतं ते माणूस कधी ना कधी गप्प करणारच. आपण असं करू, झडपेचं तोंड वरून नळाने समुद्राच्या बाजूला नेऊ. आणि दांडीच्या जागी बंद टोपीची स्प्रिंगची झडप बसवू, कुलूप लावून."

"आणि किल्ली?" बापूसाहेबांनी विचारलं.

विमलाबाई जनाकाकीकडे बघत म्हणाल्या, "किल्ली माझ्याकडे. पण त्या झडपेजवळ कोण जातं यावर लक्ष काकी ठेवतील. त्यांच्याहून जास्त काळजी कुणाला असणार?"

काकीने नाक पुसलं. त्यानंतर बॉयलरच्या खोलीत शिरणाऱ्या मांजरालासुद्धा तिने सुखाने जगू दिलं नाही.

उरला भात. बापूसाहेबांनीच पांडूभाऊला निरोप धाडला. दुपारी सगळे रापणकार आले, येताना बांगडे घेऊन आले. अंगणात, त्या वाकड्या नळाच्या सावलीत पंगत बसली. पांडूभाऊने पहिला घास घेतला आणि बॉयलरच्या खोलीकडे पाहून म्हणाला, "असो खावचो काय ह्येका!" बापूसाहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला.

बॉयलर थंड करून आम्ही तो पुन्हा पाण्याच्या दाबाने तपासून घेतला, इन्स्पेक्टरांनी पुन्हा पाहिला, नवी झडप मुंबईहून आली. आता वाफ सुटली की ती समुद्राकडे सुटायची आणि वाऱ्यात मिसळून जायची.

पुढे मी कितीतरी ठिकाणी गेलो. मोठमोठी कामं झाली. हल्ली वाफेची जागा विजेने घेतली आणि मी ज्या गोष्टी शिकायला वर्षं घालवली त्या आता कुणी विचारत नाही, याची थोडी हुरहुर वाटते. सासऱ्यांना एकदा ते इस्पितळ दाखवायचं राहून गेलं, याची जास्त. पण त्या गावातून निघण्याआधीचा एक दिवस मात्र मला पुरून उरला.

खाडीपलीकडून एका बाईला डोलीत घालून आणलं. दोन दिवस अडलेली. यापूर्वी अशा बाईला बैलगाडीत घालून दूरच्या मोठ्या गावी न्यायचे, आणि बऱ्याचदा गाडी अर्ध्या वाटेवरून परत यायची. विमलाबाईंनी तिला तपासलं आणि मला विचारलं, "पट्ट्या आणि हत्यारं तयार होतील ना?"

"होतील."

मी आणि सखाराम बॉयलरपाशी उभे राहिलो. काटा जिथे हवा तिथेच ठेवायचा, खाली नाही, वर नाही. पट्ट्यांचे डबे वाफेतून निघाले, आत गेले, दार लागलं. मी अंगणात आलो, तर तिथे त्या बाईचा नवरा उकिडवा बसला होता. तरुण, होडीवरचा माणूस. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"तुमी डॉक्टर?"

"नाय. मी वाफेवालो."

त्याला काही कळलं नाही. पण कुणीतरी आहे एवढं त्याला पुरलं असावं. तो सरकून माझ्याजवळ येऊन बसला.  माडांची सावली अंगणात सरकत होती.

मग आतून आवाज आला. आधी चिरका, अर्धवट, आणि लगेच भरदार. सखाराम बॉयलरच्या खोलीतून फावडं घेऊनच बाहेर आला. तो तरुण उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला.

थोड्या वेळाने दार उघडलं. जनाकाकीच्या हातात एक गाठोडं होतं, तिच्या, वाफेने तापणाऱ्या वाळवणीच्या कपाटातून काढलेल्या पांढऱ्या दुपट्यात गुंडाळलेलं. ती सरळ त्या तरुणापाशी आली.

"चेडू झाला. आवस बरी आसा," ती म्हणाली. "घे. सांबाळून. दुपटा गरम आसा, माज्या मशिनीतला."

त्याने हात पुढे केले. मी शेजारीच होतो. मी बोटाने त्या दुपट्याची कड अलगद चाचपली. मुंबईत टेबलावर वाकून, निबाने, पट्टी लावून मी रेघा ओढल्या होत्या: बॉयलरपासून अंगणाकडे, अंगणातून धुलाईघराकडे, तिथून वाळवणीच्या कपाटात. कपाटापाशी रेघ संपली म्हणून मी तिथे टोकाला एक लहानसा बाण काढला होता. तो बाण कुठे जाणार हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

दुपटं अजून ऊबदार होतं. आत ती मुलगी तोंड वेडंवाकडं करून झोपायच्या तयारीत होती.